तापलेली चिप आणि वॉरंटीची मुदत

लॅपटॉप फार तापतो अशी तक्रार घेऊन सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर गेलेल्या माणसाला बहुधा एकच उत्तर मिळते : "सर, गेमिंग लॅपटॉप आहे, तापणारच." हे उत्तर ऐकून राग येतो. पण शास्त्राच्या कसोटीवर ते निम्मे बरोबर आहे, आणि म्हणूनच ते खोडून काढणे जड जाते. ग्राफिक्स चिप ८० अंशांवर चालते एवढ्याने ती सदोष ठरत नाही. ती त्या तापमानाला चालावी म्हणूनच घडवलेली असते.

उरलेले निम्मे ग्राहकाच्या बाजूचे आहे. उष्णता वेगाला मर्यादा घालते आणि सांध्यांची झीज करते. वेगातली घट आज मोजता येते. झीज मात्र आज दिसत नाही. ती साठत जाते आणि बहुतेक वेळा वॉरंटी संपल्यावर पडद्यावर रंगीत पट्टे उमटवून आपली ओळख देते. वॉरंटीची मुदत महिन्यांत मोजतात, झीज मात्र तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांत मोजावी लागते. ही दोन घड्याळे एकमेकांशी जुळलेली नाहीत, आणि ग्राहकाचे नुकसान होते ते इथेच. म्हणून वॉरंटीत असताना 'तापतो' ही भावना बाजूला ठेवून तिचे मोजमाप करणे, आणि ते मोजमाप कंपनीच्या कागदावर चढवणे, हा या प्रश्नाचा गाभा आहे.

उष्णता कुठे अडते

चिपमध्ये जेवढी वीज शिरते ती जवळजवळ सगळीच उष्णता होऊन बाहेर पडते. ११५ वॅटचे कार्ड म्हणजे मुख्यतः दीड-दोन चौरस सेंटिमीटरच्या सिलिकॉनमधून निघणारी ११५ वॅट उष्णता. तिचा रस्ता ठरलेला असतो. सिलिकॉनमधून ती थर्मल पेस्टमध्ये जाते, तिथून तांब्याच्या पट्टीत, पट्टीतून हीट पाइपमध्ये, मग पातळ पात्यांच्या जाळीत आणि शेवटी पंख्याच्या हवेत. हीट पाइप ही भरीव तांब्याची कांब नव्हे. तिच्यात कमी दाबाखाली थोडेसे पाणी असते. गरम टोकाला त्याची वाफ होते, थंड टोकाला ती पुन्हा पाणी होते, आणि या ये-जा करण्यातून उष्णता वाहून नेली जाते. पाइपला बारीक चीर गेली की पाणी उडून जाते आणि उरते ती नुसती तांब्याची पोकळ नळी.

या रस्त्यातला सर्वांत कच्चा दुवा पेस्टचा. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४००, तर चांगल्या पेस्टची जेमतेम १० च्या आसपास, आणि हवेची ०.०२६. म्हणजे पेस्ट तांब्याच्या तुलनेत अगदीच मंद, पण तिच्या जागी राहिलेला हवेचा पापुद्रा त्याहून कितीतरी वाईट. कारखान्यात स्क्रू कमी-जास्त आवळला गेला, पट्टी किंचित तिरकी बसली किंवा तापण्या-निवण्यात पेस्ट कडांकडे सरकत गेली, की मध्यभागी हाच पापुद्रा तयार होतो. शेवटच्या टप्प्यावर धूळ. लॅपटॉप उघडून पाहिला तर पंख्याचे पाते बऱ्यापैकी स्वच्छ दिसते, आणि अनेकजण तेवढे पाहून समाधान मानतात. खरी गोष्ट पंखा आणि तांब्याची जाळी यांच्या मधल्या फटीत असते. तिथे कपड्यांचे तंतू, केस आणि धूळ यांचा नमद्यासारखा घट्ट थर बसलेला असतो, चिमटीत धरून एका तुकड्यात ओढता येईल इतका.

यावरून तापण्याची कारणे वेगवेगळ्या मालकीची आहेत हे ध्यानात यावे. धूळ आणि गादीवर ठेवून वापरणे हे ग्राहकाच्या खात्यात जाते. वॉरंटीच्या अटींत स्वच्छतेची जबाबदारी बहुधा त्याच्यावरच टाकलेली असते. जुळणीतली चूक आणि फुटका पाइप निर्विवाद कंपनीच्या खात्यात. चिपच्या बांधणीतला दोष त्याहूनही निर्विवाद, पण तो सिद्ध करणे सर्वांत कठीण. आणि चौथा प्रकार फसवा असतो : सगळे भाग नीट आहेत, जुळणी नीट आहे, पण मुळात थंड करणारी यंत्रणाच तोकडी. पातळ, हलका, चकचकीत लॅपटॉप विकण्यासाठी केलेली ही तडजोड असते. सर्व्हिस इंजिनिअर तिला हात लावू शकत नाही, कारण बदलायला त्याच्याकडे चांगला भागच नसतो. एका तापलेल्या लॅपटॉपच्या जागी दुसरा तसाच मिळतो.

२००८ सालचा धडा

या विषयातले सर्वांत मोठे प्रकरण एनव्हीडियाच्या लॅपटॉप चिपांचे. २ जुलै २००८ रोजी कंपनीने जाहीर केले, की आधीच्या पिढीतल्या काही ग्राफिक्स चिपा लॅपटॉपमध्ये नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात निकामी होत आहेत आणि त्यांच्या दुरुस्ती-बदलीसाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढावे लागतील. पुढच्या वर्षांत हा आकडा आणखी वाढला. कारण म्हणून चिपच्या बांधणीतले साहित्य, लॅपटॉपमधली उष्णतेची व्यवस्था आणि ग्राहकांच्या वापराची पद्धत अशी तिन्ही नावे घेतली गेली. दोष स्वतःच्या साहित्यात असताना ग्राहकाच्या सवयीलाही त्याच यादीत बसवण्याचा हा कावा आजच्या काउंटरवरही ऐकू येतो.

नेमके बिघडत काय होते? सिलिकॉनची चिप तिच्या खालच्या पाटीला सोल्डरच्या शेकडो बारीक थेंबांनी जोडलेली असते. दर अंशाला सिलिकॉन साधारण तीन दशलक्षांश प्रसरण पावते, पाटी पंधरा-सोळा. तापमान ६० अंशांनी वाढले तर एका सेंटिमीटरच्या अंतरात सिलिकॉन सुमारे १.८ मायक्रॉन वाढते आणि पाटी साडेनऊच्या पुढे. हा जवळजवळ आठ मायक्रॉनचा हिसका त्या थेंबांना सोसावा लागतो. तो वाटून घ्यावा म्हणून मधल्या फटीत एक राळ भरतात. त्या काळच्या विश्लेषणानुसार ही राळ चिपच्या नेहमीच्या चालण्याच्या तापमानालाच मऊ पडत होती, आणि नेमक्या गरजेच्या वेळी सगळा ताण शिशाचे प्रमाण जास्त असलेल्या थेंबांवर येत होता. लॅपटॉप सुरू केला, तापला, मिटला, निवला. प्रत्येक फेरीला भेग थोडी पुढे सरकत गेली.

इथला मुद्दा असा, की केवळ कमाल तापमान घातक नसते, चढ-उतारही तेवढाच घातक असतो. सतत ७५ अंशांवर चालणारी चिप रोज आठ वेळा ३० वरून ८० वर जाणाऱ्या चिपेपेक्षा जास्त टिकू शकते.

डेलने इन्स्पिरॉन, लॅटिट्यूड, एक्सपीएस अशा मालिकांतल्या अनेक मॉडेलांसाठी नवे बायॉस दिले. पंखा आधीपेक्षा लवकर आणि जास्त वेळ फिरावा, म्हणजे चढ-उतार कमी होतील, ही त्यामागची कल्पना. शास्त्राच्या दृष्टीने ती चूक नव्हती. पण भेग पडलेला थेंब बायॉसने सांधला जात नाही. बिघाडाची तारीख तेवढी पुढे जाते, आणि कोणत्या बाजूला पुढे जाते तर वॉरंटी संपण्याच्या दिशेला. टीकाकारांनी तेव्हाच हे बोलून दाखवले. त्या दबावाखाली डेलने या दोषापुरती वॉरंटी १२ महिन्यांनी वाढवली. एचपीने पॅव्हिलियनच्या काही मॉडेलांची मुदत २४ महिन्यांपर्यंत नेली. ॲपलने ऑक्टोबर २००८ मध्ये सांगितले, की आमची यंत्रे सुरक्षित आहेत अशी ग्वाही एनव्हीडियाने दिली होती, पण आमच्या तपासणीत काही मॅकबुक प्रो बाधित आढळली. ती खरेदीपासून दोन वर्षांपर्यंत फुकट दुरुस्त होतील. ही मुदतही पुढे वाढवण्यात आली.

अमेरिकेत ग्राहकांनी सामूहिक दावा लावला. त्याच्या तडजोडीला कॅलिफोर्नियातल्या न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये मंजुरी दिली. डेल आणि ॲपलच्या ग्राहकांना दुरुस्ती मिळाली, एचपीच्या ग्राहकांना बदली म्हणून कॉम्पॅकचा एक साधा, स्वस्त लॅपटॉप. महागड्या यंत्राच्या बदल्यात हे काय, म्हणून आरडाओरडा झाला, पण तडजोड टिकली. ती अमेरिकेत खरेदी केलेल्या यंत्रांपुरती होती. त्याच चिपा असलेले लॅपटॉप मुंबई-पुण्यात घेतलेल्यांचा तिच्यात समावेश नव्हता.

त्या काळात मेलेला मदरबोर्ड घरच्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर भाजून जिवंत करण्याची टूम निघाली होती. काही बोर्ड खरोखर चालू होत. पण ज्या थेंबांना भेगा होत्या ते शिशाचे, ३०० अंशांच्या पुढे वितळणारे. ते वितळत नव्हतेच; उष्णतेच्या हालचालीने भेगेची दोन टोके काही दिवस एकमेकांना टेकत, इतकेच. बाजारात मिळणाऱ्या रीबॉलिंगलाही हाच आक्षेप लागू पडतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा कारागीर चिपखालचे जे गोळे नवे बसवतो ते पाटी आणि मदरबोर्ड यांच्यामधले. दोष पाटीच्या वर, चिपला चिकटून असेल, तर त्याच्या हातात कितीही कसब असले तरी काम टिकणार नाही.

मोजायचे काय

वॉरंटीच्या भाषेत तापमान हा पुरावा दुबळा आहे. बहुतेक लॅपटॉप-कार्डे ८५ ते ९० अंशांच्या आसपास स्वतःला आवरतात. चिप तिथे पोचली की व्होल्टेज आणि फ्रीक्वेन्सी खाली आणते. चिपमध्ये खर्च होणारी वीज फ्रीक्वेन्सीच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. व्होल्टेज १० टक्के उतरवले तर त्या हिशेबात १९ टक्के वीज वाचते. म्हणून बिघडलेली थंडाई असलेला लॅपटॉपही ८७ अंशच दाखवील आणि चांगलाही ८७ दाखवील. फरक पडेल तो त्या ८७ अंशांवर किती वॅट आणि किती वेग मिळतो यात. तक्रार या फरकाची करायची असते.

त्यासाठी आपल्याला विकले काय गेले हे आधी शोधावे. एकाच नावाचे कार्ड वेगवेगळ्या ताकदीचे असते. आरटीएक्स ४०६० या लॅपटॉप-कार्डाची अधिकृत मर्यादा ३५ ते ११५ वॅट अशी पसरलेली आहे; खोक्यावरचे नाव मात्र तेच. आपल्या नेमक्या मॉडेलच्या माहितीपत्रकात कमाल वॅट किती लिहिलेत ते पान खरेदीच्या दिवशीच जपून ठेवावे, कारण ही पाने नंतर बदलतात.

चाचणी सपाट टेबलावर, मूळ अडॅप्टर लावून, कंपनीच्याच परफॉर्मन्स मोडमध्ये घ्यावी. स्वतः केलेले ओव्हरक्लॉक-अंडरव्होल्ट आधी काढून टाकावे. फरमार्कसारखा अघोरी भार टाळलेला बरा. "असा वापर कोणी करत नाही" हे उत्तर त्याला तयार असते, आणि ते चूक नाही. नेहमीचा जड गेम किंवा थ्रीडीमार्कची स्ट्रेस टेस्ट पुरते. ही टेस्ट तोच प्रसंग २० वेळा चालवते आणि वेगाची स्थिरता ९७ टक्के किंवा जास्त असेल तरच उत्तीर्ण म्हणते. म्हणजे निकष तुमचा नसून त्रयस्थाचा असतो. सोबत एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये तापमान, वॅट, फ्रीक्वेन्सी आणि पंख्याचा वेग यांची नोंद फाइलमध्ये उतरवत राहावी.

एक नोंद इतर सगळ्यांहून मोलाची. एनव्हीडियाच्या ड्रायव्हरबरोबर येणारी 'एनव्हीडिया-एसएमआय' ही आज्ञा वेग का कमी झाला याचे कारण सांगते : विजेची मर्यादा गाठली म्हणून, की तापमानामुळे. कारण विजेचे असेल आणि वॅट माहितीपत्रकाइतके असतील, तर कार्ड ठरल्याप्रमाणे चालले आहे, तक्रारीला जागा नाही. कारण तापमानाचे असेल आणि वॅट माहितीपत्रकापेक्षा बरेच कमी असतील, तर थंडाई तोकडी पडते आहे हे चिप स्वतःच सांगते आहे. ज्या कार्डांत सरासरी तापमानाबरोबर सर्वांत तप्त बिंदूचाही आकडा दिसतो, तिथे दोहोंतले अंतर वीस-पंचवीस अंशांच्या पुढे गेले की पेस्ट किंवा पट्टी नीट टेकलेली नाही असा संशय घ्यावा.

खोलीचे तापमान लिहायला विसरू नये. चिप खोलीपेक्षा अमुक इतके अंश वर असते. खोली २५ ची ४२ झाली की हिशेबात तेवढेच १७ अंश वर चढतात. अनेक कंपन्या वापराची कमाल मर्यादा ३५ अंश अशी छापतात. नागपूर, अकोला, चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि घरात कूलर नसेल तर खोलीही ३५ च्या वरच असते. भारतात माल विकायचा आणि भारतातला उन्हाळा अटींबाहेर ठेवायचा, हे मला अन्याय्य वाटते. पण वाद घालण्याची ती जागा नव्हे. चाचणी पहाटे घ्या किंवा एसीच्या खोलीत घ्या, म्हणजे ही पळवाटच उरत नाही.

काउंटरवर

जॉबशीटवर तक्रारीच्या रकान्यात काउंटरवरचा माणूस सवयीने 'हीटिंग इश्यू' असे दोन शब्द टाकतो. या दोन शब्दांना दोन दिवसांनी दोनच शब्दांचे उत्तर येते : 'टेस्टेड ओके'. त्याऐवजी असे लिहून घ्यावे : 'खोली २६ अंश असताना २० मिनिटांच्या भारानंतर कार्ड ११५ ऐवजी ७० वॅटवर उतरते, कारण तापमान, नोंदीची फाइल सोबत.' तो म्हणेल, सिस्टीममध्ये एवढी जागा नाही. मग हाच मजकूर कंपनीच्या तक्रार-ईमेलवर पाठवून जॉबशीटवर त्या तक्रारीचा क्रमांक घालून घ्यावा. भांडायची गरज नाही. समोरच्या मुलाचा यात काही दोष नसतो. बहुतेक ठिकाणी तो कंपनीचा नोकरही नसतो, कंत्राटी सेंटरचा असतो.

"आधी बायॉस अपडेट करा" हा सल्ला हमखास मिळतो. तो पाळावा, पण अपडेटच्या आधीची नोंद हाताशी ठेवूनच. नव्या बायॉसने तापमान उतरले आणि कमाल वॅटही गुपचूप उतरले, तर तुम्हाला दुरुस्ती मिळालेली नाही, विकत घेतलेल्या वस्तूतला एक वाटा परत घेतला गेला आहे. २००८ चा बायॉस आठवावा.

स्वतः झाकण उघडून पेस्ट बदलावी का? काही कंपन्या दुरुस्तीची पुस्तिका खुली ठेवतात आणि पंखा साफ करायला हरकत घेत नाहीत. काही स्क्रूवर सील लावतात. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्याच्या आधारे तिथल्या व्यापार आयोगाने २०१८ साली अशा सीलच्या धमक्यांबद्दल सहा कंपन्यांना तंबी दिली होती. ती इथे दाखवून उपयोग नाही. वॉरंटीत असेपर्यंत माझे मत स्पष्ट आहे : जाळीतून धूळ काढा, पेस्टला हात लावू नका. कारखान्याच्या जुळणीतली चूक हा तुमचा पुरावा आहे आणि तो तुमच्याच हाताने पुसला जाईल.

तक्रार मान्य झाली तर बहुधा सगळा मदरबोर्ड बदलला जातो, कारण लॅपटॉपमधले कार्ड म्हणजे बोर्डावर डाख दिलेली चिप असते. यंत्र देण्यापूर्वी डेटाची प्रत काढा आणि बिटलॉकरची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. बिटलॉकर हे डिस्कचे कुलूप जुन्या बोर्डातल्या सुरक्षा-चिपेशी बांधलेले असते. नवा बोर्ड बसला की विंडोज ती की मागते, आणि ती नसेल तर डिस्कवरचे सगळे अडकून पडते. बोर्ड नूतनीकरण केलेला असू शकतो, अटींत तशी मुभा असते. म्हणून परत मिळाल्याच्या दिवशीच तीच चाचणी, तशाच खोलीत, पुन्हा घ्यावी.

आयोगाची पायरी

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये 'दोष' या संज्ञेत गुणवत्तेतली किंवा दर्जातली उणीव येते, आणि तो दर्जा कायद्याने, कराराने किंवा विक्रेत्याने केलेल्या दाव्याने ठरलेला असू शकतो. माहितीपत्रकातला वॅटचा आकडा हा असाच दावा. ग्राहक आयोगासमोर 'हात भाजतो' यापेक्षा 'सांगितले ११५, मिळतात ७०' हे वाक्य वजनदार ठरते ते यामुळे. चाचणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्याची फी आधी तक्रारदाराला भरावी लागते. तुमच्या नोंदी जितक्या व्यवस्थित, तितका हा टप्पा सोपा जातो.

त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. पुष्कळ प्रकरणे तिथेच मिटतात, कारण कंपनीच्या वरच्या कार्यालयात कोणीतरी पहिल्यांदाच तुमचा कागद वाचतो. न मिटल्यास जिल्हा आयोग. तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, कंपनीच्या मुख्यालयाचे गाव गाठावे लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला आयोगाची फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि अर्ज ऑनलाइनही करता येतो. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. ते कारण कोणत्या दिवशी घडले हे दाखवायला पहिली लेखी नोंद उपयोगी पडते, मग ती जॉबशीट असो वा ईमेल. फोनवर झालेले बोलणे सिद्ध करणे अवघड जाते.

तेव्हा वॉरंटी संपायला महिना उरला, की लॅपटॉप ठणठणीत वाटत असला तरी ही चाचणी एकदा घ्या. पहिल्या महिन्यात घेतलेल्या नोंदीशी ती ताडून पाहा, आणि वॅट घसरलेले दिसले तर त्याच आठवड्यात लेखी तक्रार करा. मुदत संपल्यावर गेलात, तर त्याच मदरबोर्डाचे पैसे तुमच्या खिशातून जातील.